हातातच द्यायचं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधली राजनंदिनी आता कॉलेजला जाईल. कोणी काही दिलं, मग तो प्रसाद असो की दुकानदाराने दिलेली सुटी चिल्लर, ती अजून दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घेते. बघणाऱ्याला वाटतं, काय वळण लावलंय हो मुलीला! मी मात्र अजून आधी त्या ओंजळीत काय पडतंय ते बघून घेते. ती सवय तिला तिच्या आजोबांनी लावली, आणि तिच्या बरोबरीने एका कुत्र्याला लावली.

आजोबा म्हणजे रंगनाथराव इंगोले. वाशीमकडचे. मार्केट यार्डात भुसाराच्या एका गाळ्यावर रखवालदार होते. मुलगा योगेश कॉम्प्युटर शिकला, चांगल्या नोकरीला लागला, आणि ब्याण्णव साली त्याने आमच्या सोसायटीत, यार्डाच्या मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. घर घेतल्यावर दीड वर्षाच्या आत कंपनीने त्याला अमेरिकेला धाडलं. इथे राहिले रंगनाथराव, त्यांच्या वेणूबाई, सून नम्रता आणि तेव्हा बालवाडीतून नुकतीच पहिलीत गेलेली राजनंदिनी.

रखवालदार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मिशा आल्या असतील. मिशा होत्याच. पण त्यांच्यामागे जो माणूस होता ना, तो इतका भित्रा, इतका भित्रा, की मी त्यांना तोंडावर ‘वाघोबा’ म्हणायचे आणि ते लाजायचे. लिफ्टमध्ये आयुष्यात पाऊल टाकलं नाही. गॅसचा सिलिंडर बदलायचा झाला की हे दोन मजले खाली. टेलिफोन वाजला की आधी वेणूबाईंकडे बघायचे, मग रिसीव्हर दोन्ही हातांनी, उतू चाललेल्या दुधाचं पातेलं उतरवावं तसा उचलायचे.

“वाघोबा, फोन चावत नाही हो,” मी म्हणायचे.

“चावत नाही वहिनी, पण पलीकडचा काय सांगंल त्याचा काही भरवसा हाय का?”

जनावरांना मात्र हा माणूस भीत नसे. एकदा सोसायटीत मोकाट वळू शिरला. आमचे हे, म्हणजे शरच्चंद्र, सोसायटीचे सेक्रेटरी, कायद्याची भाषा बोलत स्कूटरच्या सीटवर उभे राहिले होते. रंगनाथराव आले, वळूच्या कानात काहीतरी पुटपुटले आणि त्याला शाळेतल्या पोरासारखं कानाला धरून फाटकाबाहेर सोडून आले.

तर अशा माणसाने एका सकाळी माझ्या दाराची कडी वाजवली. “वहिनी, वाटीभर हळद हाय का?”

“कोणाला लागलं?”

“पाहुण्याले.”

पाहुणा खाली पार्किंगमध्ये पोत्यावर पडला होता. लातूरकडून तुरीचा ट्रक आला होता, त्याच्या ताडपत्रीखाली सापडला. गळ्याला तारेचा फास, तो मांसात रुतलेला. अंगाचा रंग गुळाच्या ढेपेसारखा, टांगा लांब, तोंड निमुळतं, आणि बरगड्या अशा की हात फिरवला तर बाजाची पेटी वाजवतोय असं वाटावं. “हा साधा नाही वहिनी,” रंगनाथराव फास कापता कापता म्हणाले. “याची जात शिकारीची हाय. माह्या बापाने असे किती तयार केले.”

त्यांचे वडील गावच्या देशमुखांची शिकारी कुत्री सांभाळत. बंदूक वाजली, तित्तर पडला, की कुत्र्याने झुडपातून तो शोधून आणायचा. पुढे शिकारबंदी झाली, बंदूक गेली, देशमुखांची कुत्री गेली, पण पोरवयात बघितलेलं सगळं रंगनाथरावांच्या हातात तसंच राहिलं होतं. पाहुण्याचं नाव त्यांनी ठेवलं तित्तर. पुण्यात कुत्र्यांची नावं टॉमी आणि मोती. याचं एकट्याचं नाव पक्ष्याचं.

तित्तर उभा राहायला लागला तेव्हा त्याला ठेवायचं कुठे, यावरून घरात जुंपली. रंगनाथरावांना तो गाळ्यावर हवा होता. गाळ्यात घुशी आणि उंदीर पोती फोडत होते, शेठ धान्यात विष घालू देत नव्हते, आणि यार्डातली मांजरं गुळाच्या ढेपांवर झोपून जाड झाली होती. राजनंदिनीला तो घरात, शक्यतो तिच्या पांघरुणात हवा होता. नम्रता बँकेत होती आणि तिचा स्वभावही बँकेतलाच, एका खात्यातलं दुसऱ्यात मिसळलेलं तिला चालत नसे.

“बाबा, एक काय ते ठरवा. गोदामातला कुत्रा की घरातला. दोन्ही जमणार नाही.”

“काहून? तू नाही का बँकेतबी जात अन् घरबी पाह्यत?”

वेणूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नम्रता हसली नाही, पण कुत्र्याचा पट्टा अडकवायला तिने दाराजवळ एक खिळा ठोकला.

आणि मग शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी आम्ही सगळ्या बायका भाजी निवडायची ताटं घेऊन गॅलरीत. पहिला धडा अंड्याचा. तित्तरच्या तोंडात कोंबडीचं अंडं द्यायचं, आणि त्याने ते पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न फोडता आणायचं. आधी रोज अंडी फुटली, वेणूबाईंनी रोज डोक्याला हात लावला. मग हळूहळू त्या जबड्याला काय समजलं कोण जाणे, अंडं अख्खं यायला लागलं. “दात लावायचा नाही,” रंगनाथराव सांगायचे, “नुसतं ओठात धरायचं.” दुसरा धडा आवाजाचा. शिकारीचं कुत्रं बंदुकीच्या बाराला बिचकता कामा नये, म्हणून रंगनाथराव तेलाच्या रिकाम्या डब्यावर काठी हाणायचे. प्रत्येक दणक्याला ते स्वतः दचकायचे आणि तित्तर त्यांच्याकडे काळजीने बघायचा.

तिसरा धडा सगळ्यात महत्त्वाचा. आणलेली वस्तू जमिनीवर टाकायची नाही. हातातच द्यायची. “काय असते वहिनी, तित्तर कधी कधी नुसता जखमी असते. खाली टाकला का पळाला झुडपात. म्हणून मालकाचा हात येईस्तोवर कुत्र्यानं तोंड सोडायचं नाही. हातातच द्यायचं.” मालकाने दोन्ही तळवे पुढे करायचे, कुत्र्याने समोर बसायचं, वस्तू ओंजळीत सोडायची, मालकाने ‘शाबास’ म्हणायचं. एवढं झालं की काम पुरं.

आणि इथे त्यांनी ती गोष्ट केली. त्यांच्या लहानपणी देशमुखांचा एक कुत्रा मालक वारल्यावर दुसऱ्या कोणाच्या हाताला तोंडच लावेना, अन्नही घेईना, तसाच झुरून मेला होता. ते रंगनाथरावांच्या मनात रुतून बसलं होतं. आपण म्हातारे, उद्या आपण गेलो तर याचं काय, ही भीती. म्हणून त्यांनी राजनंदिनीला समोर उभं केलं, तिचे इवलेसे तळवे जोडले, आणि तित्तरला तिच्या ओंजळीत अंडं द्यायला शिकवलं. ती “शाबाश!” ओरडायची आणि तित्तरची शेपटी सबंध अंगाला हलवायची. दोन मालक झाले. आम्ही वर गॅलरीत टाळ्या वाजवल्या.

घर आणि काम यांच्यातली भिंतही त्यांनी घातली होती. गाळ्यावर जाताना गळ्यात सुतळी. ती बांधली की तित्तर कामावर. एका झटक्यात उंदराची मान मोडायची, रक्ताचा थेंब पोत्यावर पडू द्यायचा नाही, आणि रंगनाथरावांच्या हातात नेऊन द्यायचा. घरी येताना सोसायटीच्या नळावर लाल औषधाच्या पाण्याने तोंड आणि पाय धुवायचे, सुतळी काढून चामड्याचा पट्टा चढवायचा. पट्टा चढला की साहेब घरचे. मग वर्तमानपत्र आणायचं, चपला आणायच्या, राजनंदिनीची हरवलेली पेन्सिल आणायची. “काय हो वाघोबा,” मी चिडवायचे, “आमचे हे ऑफिसातून येऊन एवढे हातपाय धूत नाहीत.” वर्षभर असं छान चाललं. सुतळी ती सुतळी, पट्टा तो पट्टा. सगळ्यांना वाटलं, कुत्र्यालाही हे असंच कळलंय.

मग चौऱ्याण्णव सालचा तो सप्टेंबर आला.

गणपती नुकतेच गेले होते. आधी बीडकडची बातमी आली, उंदीर पडले, माणसांना गाठी आल्या. मग सुरत. केबल घेऊन आमच्याकडे जेमतेम वर्ष झालं होतं. तोवर वाईट बातमी दुसऱ्या दिवशी चहाबरोबर यायची, आता ती दिवसभर दिवाणखान्यात बसून राहायला लागली. रेल्वेने पळणारी माणसं, तोंडाला फडकी, सरकारी दवाखान्यांची दारं. प्लेग हा शब्द पुण्यात नवा नाही. माझ्या सासूबाई त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेलं सांगायच्या, मेलेला उंदीर दिसला की पेटलेली चूल तशीच टाकून घर सोडायचं. ते आम्ही गोष्ट म्हणून ऐकलं होतं. आता रात्री स्वयंपाकघरात काही खुडबुडलं तर बरं वाटायचं, कारण खुडबुडणारा उंदीर जिवंत असतो. शांतता पसरली की भीती वाटायची.

औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल नाहीशा झाल्या. बसमध्ये कोणी खोकलं तर अख्खी बस मागे सरकायची. पितृपंधरवडा होता, पानं वाढलेली गच्चीत तशीच, आणि कावळा आला तर तोही कुठून काय खाऊन आला असेल म्हणून बायका त्याला हाकलत होत्या. मार्केट यार्डात धान्य, धान्यात उंदीर, आणि यार्डाच्या भिंतीला लागून आम्ही.

सोसायटीची मीटिंग झाली. आमच्या ह्यांनी तोंडाला माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा बांधला होता, त्यामुळे ठराव अर्धा कळला, पण रोख कळला. उंदीर धरणारा कुत्रा सोसायटीत नको. रंगनाथराव उभे राहिले. “तुमचं खरं हाय. मलेबी भेवच वाटते. गाळ्यावर बांधून ठेवतो. उंदरालेबी तोंड लावू देत नाही.” आणि त्यांनी तसं केलं. शेजारच्या गाळ्यांत विष टाकलं होतं, मेलेले उंदीर गटाराकडेला दिसायला लागले होते. त्यात तोंड घालू नये म्हणून तित्तरला आखूड साखळीने दाराला बांधला. दिवसभर तो बांधलेला, गळ्यात सुतळी तशीच, आणि करायला काम नाही.

राजनंदिनी रोज विचारायची, “तित्तर कधी येणार?” नम्रता म्हणायची, “नाव नको काढूस.”

त्या दुपारी शाळांना सुट्टी दिलेली होती. मुलं पार्किंगमध्ये लगोरी खेळत होती आणि आम्ही बायका वर गॅलरीत, कारण मुलांना डोळ्यांआड होऊ द्यायची कोणाची छाती नव्हती. फाटकातून तित्तर आला. साखळीचा तुकडा मागे फरफटत होता, गळ्यात सुतळी होती आणि तोंडात काहीतरी काळं लोंबत होतं.

मी ओरडले. खरं सांगते, मी ओरडले असं मला वाटलं, पण आवाज आलाच नाही. तित्तर घाईत नव्हता. मुलांमधून वाट काढत तो सरळ राजनंदिनीसमोर गेला आणि बसला. मान वर केली. आणि त्या पोरीने, जे तिला शिकवलं होतं तेच केलं. हातातली लगोरीची फरशी टाकली, दोन्ही तळवे जोडले, पुढे केले. तित्तरने उंदीर तिच्या ओंजळीत अलगद सोडला.

“शाबाश!” राजनंदिनी म्हणाली.

तेव्हा कुठे सगळ्या गॅलऱ्यांतून एकदम किंकाळी फुटली.

नम्रता जिने कशी उतरली मला माहीत नाही. तिने पोरीच्या हातांवर फटका मारला, उंदीर उडाला, तिने पोरीला उचललं आणि नळाखाली धरलं. साबण, डेटॉल, लाल औषध, जे मिळेल ते. राजनंदिनी रडत होती ती मार बसला म्हणून. पुरुषांनी काठ्या आणल्या. तित्तर जागचा हलला नाही. शाबास मिळाली होती, पण पुढचं सगळं त्याला समजत नव्हतं. तेवढ्यात रंगनाथराव धावत आले, अनवाणी, हातात उरलेली साखळी. काठ्यांच्या आणि कुत्र्याच्या मधे उभे राहिले. मिशा लटपटत होत्या, पण उभे राहिले.

“मारू नका. माही चूक हाय. त्याले मीच शिकवलं.”

मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. “उंदीर कुठं हाय? मान पाहू द्या. यानं मारला असंल तं मान मोडलेली असंल. मेलेला उचलला असंल तं...”

सगळ्यांनी मागे बघितलं. कोपऱ्यात आमचे हे होते. अर्धी बाटली रॉकेल ओतून उंदराला काडी लावून मोकळे झाले होते. सोसायटीच्या नळाला वॉशर बसवायला ज्या माणसाने चार महिने घेतले, त्याने हे काम दोन मिनिटांत उरकलं होतं. उरला होता तो एक काळा कोळसा.

रंगनाथराव त्या कोळशाकडे बघत राहिले. तित्तरचा दात कधी लागत नसे, हीच तर त्यांची फुशारकी. अंगावर खूण नाही आणि मानही जळून गेली. तो उंदीर धडधाकट होता आणि तित्तरने मारला, की कशाने तरी आधीच मेलेला होता, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. ते तित्तरला घेऊन गाळ्यावर परत गेले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ताप येतो का बघा म्हणाले. बघा म्हणजे काय हे त्या घरात बसून मी शिकले. नम्रता पोरीच्या कपाळाला हात लावायची, मग स्वतःच्या, मग माझ्या. काखेत चाचपायची, जांघेत चाचपायची. “काकू, इथे काही लागतंय का? बघा ना. गाठ नाही ना ही?” राजनंदिनीला गुदगुल्या व्हायच्या, ती खिदळायची, आणि आम्ही दोघी त्या हसण्याच्या अंगावर धावून जायचो. वेणूबाई देवासमोर बसून होत्या, पण ओठ हलत नव्हते. योगेशचा अमेरिकेतून फोन आला. इकडची विमानंच बंद होताहेत, मला येता येत नाही, म्हणून तो तिकडे रडत होता. “त्या कुत्र्याला संपवा आधी,” एवढं मला रिसीव्हरबाहेर ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी पोरीला ताप आला. दात वाजायला लागले, एवढा.

संसर्गजन्य रोगांच्या सरकारी दवाखान्यात तिला वेगळं ठेवलं. आत एकच माणूस राहील म्हणाले. वेणूबाई खाटेचा गज धरून बसल्या त्या उठायलाच तयार होईनात, म्हणून नम्रताला बाहेर यावं लागलं. डॉक्टर तरुण होता, थकलेला, तोंडावर फडकं.

“उंदीर मेलेला सापडला होता की कुत्र्याने मारला?”

“माहीत नाही.”

“उंदीर आणलाय?”

“जाळला.”

“कोणी?”

“सोसायटीच्या सेक्रेटरींनी,” मी म्हटलं. डॉक्टरने कागदावरचा एक रकाना खोडला. म्हणाला, रक्त तपासतोय, रिपोर्ट येईल, पण मेलेला असेल तर मला आत्ता कळलेलं बरं.

नम्रताने माझा हात धरला. “चला काकू.”

“कुठे?”

“बाबांकडे. तो कुत्रा मेलेलं उचलतो की नाही, ते त्यांना माहीत असणार.”

त्या दवाखान्याच्या फाटकासमोर रिक्षा थांबत नव्हती. दूरच्या चौकापर्यंत चालत गेलो. ती माझ्यापुढे दहा पावलं होती. मी तोंडाची टकळी चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण माझ्यासारख्या बाईलाही त्या दिवशी शब्द सापडेनात.

गाळ्याचं शटर अर्धं खाली होतं. आत पोत्यांच्या थप्प्या आणि गुळाचा वास. रंगनाथराव तित्तरशेजारी जमिनीवर बसले होते. आम्हाला बघून उठले आणि मागे सरकले. “जवळ येऊ नका. मी याच्यासंगं झोपतो. याच्या पिसवा असतील तं आधी मले चावतील, असा हिशेब केला.” मग सुनेचं तोंड बघून त्यांना कळलं. “नंदूले ताप आला?”

“बाबा, खरं सांगा. हा मेलेलं जनावर उचलतो का?”

“माह्या बापाचे कुत्रे नाही उचलत.”

“ह्याचं सांगा.”

रंगनाथरावांनी मिशीवरून हात फिरवला. “माहीत नाही नमा. कधी पाह्यलंच नाही. रोज जित्ताच उंदीर होता, तं मेलेला पुढं ठेवायचं कारणच पडलं नाही.”

“मग आत्ता ठेवा.”

“नको.”

“बाबा, ठेवा.”

“अन् उचलला तं?” त्यांनी तित्तरची साखळी जवळ ओढून धरली. “आता निदान माहीत नाही. उचलला तं माहीत होईल. मले भेव वाटते नमा.”

“मला वाटत नाही का?” नम्रता म्हणाली. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं.

गटाराकडेला विषाने मेलेला एक उंदीर होता. रंगनाथरावांनी तो काठीने ढकलत गाळ्याच्या दाराशी आणला. तित्तरची साखळी सोडली. कान टवकारून तो वाट बघत उभा. रंगनाथरावांनी काठी उंदराच्या दिशेने केली. आणि हळूच म्हणाले, “आण.”

तित्तर गेला. वाकला. हुंगलं. मग मान वर करून रंगनाथरावांकडे बघितलं आणि तसाच, रिकाम्या तोंडाने परत फिरला. नम्रताने कितीतरी वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. तो आवाज तित्तरने ऐकला असेल, की आपण काम अर्धवट टाकलं असं त्याला वाटलं असेल, कोण जाणे. तो थबकला, वळला, परत गेला आणि उंदीर उचलला.

अलगद उचलला. घेऊन आला. रंगनाथरावांसमोर बसला आणि मान वर केली.

कोणी हललं नाही. तित्तरही हलला नाही. मालकाचा हात येईपर्यंत तोंड सोडायचं नाही. त्याची मान थरथरायला लागली, लाळ गळायला लागली, एकदा त्याने घशातून बारीक आवाज काढला, पण उंदीर खाली टाकला नाही. तो कधी रंगनाथरावांकडे बघे, कधी आमच्याकडे.

लिफ्टला भिणाऱ्या त्या माणसाने दोन्ही तळवे जोडले आणि पुढे केले.

“बाबा, नका! विष आहे त्याला!” नम्रता किंचाळली.

“नाही घेतला तं हा रातभर असाच बसंल नमा. मीच शिकवलं ना त्याले.” उंदीर ओंजळीत पडला. रंगनाथराव त्याच्याकडे न बघता तित्तरकडे बघत होते. “शाबास,” ते म्हणाले, आणि मग रडायलाच लागले. “माह्या लेकरानं असाच घेतला असंल. आता तिले जे व्हायचं ते मलेबी होऊ दे. तुम्ही जा. दवाखान्यात सांगा, मेलेलाबी उचलते म्हणा. लपवू नका.”

आम्ही सांगितलं. डॉक्टरने औषध वाढवलं आणि रिपोर्टची वाट बघा म्हणाला. ती रात्र दवाखान्याच्या आवारात गेली, तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही. सकाळी तोच डॉक्टर फडकं खाली करून बाहेर आला, आणि त्याचं तोंड बघून मी नम्रताला पुढे केलं.

“मलेरिया आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे ते नाही?” नम्रता.

“ते नाही. हिवताप. डासांचा. बरी होईल.”

आपल्या पोरीला हिवताप झाला म्हणून सबंध वॉर्डात पेढे वाटणारी बाई पुण्याच्या इतिहासात एकटी नम्रता असेल. मी गाळ्यावर फोन केला. बराच वेळ वाजला. शेवटी उचलला गेला, आणि पलीकडे नुसता श्वास ऐकू यायला लागला.

“वाघोबा, हिवताप आहे. नुसता हिवताप.”

रिसीव्हर कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. मग, “खरा हिवताप ना वहिनी?”

“अहो, अगदी खरा. रक्तात सापडलाय.”

पण त्यांचं स्वतःचं संपलं नव्हतं. त्यांनी उघड्या हाताने उंदीर घेतला होता. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत सरेपर्यंत ते गाळ्यावरच राहिले. मी डबा दाराशी ठेवायचे, लांबून हाक मारायचे आणि ओ येईपर्यंत घाबरून उभी राहायचे. एकदा शटरखालून वाकून बघितलं, तर हे तित्तरसमोर ओंजळ करून बसलेले. तित्तर गोंधळलेला, इकडे तिकडे काही आणायला मिळतंय का शोधतोय, आणि हे म्हणताहेत, “काही नाही. काहीच नाही आणायचं. असाच ये.” सुतळी दिसली नाही. ती त्यांनी कापून टाकली होती.

राजनंदिनी घरी आली तेव्हा अगदी काटकी झाली होती. सोसायटीत अजून ठराव उभाच होता, आणि योगेश फोनवर रोज तेच विचारत होता. नम्रता सगळ्यांना एकच सांगायची, “मी बघेन, मग ठरवीन.”

रंगनाथराव फाटकाशी आले ते संध्याकाळी. बाहेरच उभे राहिले. तित्तरच्या गळ्यात काहीच नव्हतं, ना सुतळी ना पट्टा. “नंदूले लांबूनच दाखवा,” म्हणाले. राजनंदिनी आईच्या हातातून सुटली. धावली नाही, अंगात जोर नव्हता, पण चालत गेली. आणि त्याच्यासमोर उभी राहून तिने दोन्ही तळवे जोडून पुढे केले.

नम्रताने माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली, माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या तटतट फुटल्या, पण ती सोडेना आणि मीही हात काढून घेतला नाही. तित्तर पुढे आला. बसला. मान वर केली. तोंड मिटलेलं होतं. आत काय आहे हे दिसत नव्हतं. रंगनाथरावांचे डोळे मिटलेले.

तित्तरने आपलं निमुळतं तोंड, रिकामं, तिच्या ओंजळीत ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

“आबा,” राजनंदिनी म्हणाली, “ह्याने काहीच नाही आणलं!”

“काहीच नाही बेटा. आता तो काहीच आणत नाही.”

“शाबाश,” ती त्याच्या कानात म्हणाली.

तरीही नम्रताने माझं मनगट सोडलं नाही. ती त्या दोघांकडे बघत होती. मग म्हणाली, “पट्टा वर आहे. दाराजवळच्या खिळ्याला.” आणि वळून जिन्याकडे निघून गेली.

रंगनाथराव माझ्याकडे बघायला लागले. ऐकलं होतं, पण ऐकलेल्यावर विश्वास ठेवायलाही ते भीत होते. “काय म्हणे वहिनी, नमा?”

“वर या म्हणतेय. दोघेही.” मी मनगट चोळत म्हटलं. “लिफ्ट चालू आहे बघा.”

त्यांनी लिफ्टच्या जाळीकडे बघितलं, तित्तरकडे बघितलं, आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, “आम्ही जिन्यानंच येतो.”